दुसरा जेट आहे, फक्त अंधुक आहे
एम ८७ या दीर्घिकेचा जेट, म्हणजे तिच्या केंद्रातून सुटणारा पदार्थाचा अरुंद झोत, फोटोत एकाच बाजूला दिसतो, मग दुसरीकडे काहीच निघत नाही का, असा प्रश्न पडतो. निघतं हो, पण आपल्या दिशेने जवळपास प्रकाशाच्या वेगाने येणाऱ्या जेटचं तेज डॉप्लर परिणामामुळे (स्रोताच्या वेगामुळे प्रकाशात होणारा बदल) कितीतरी पटीने वाढतं आणि पाठमोऱ्याचं तितकंच मरतं, त्यामुळे खगोलशास्त्रज्ञ हेबर कर्टिसला १९१८ मध्ये फोटोत एकच सरळ रेघ दिसली होती. पुढे लांबलांबच्या रेडिओ दुर्बिणी जोडून केलेल्या निरीक्षणांत केंद्रापाशी दुसऱ्या बाजूचाही पुसट तुकडा सापडला. दोन्हीकडे जेट निघतात हे पाहायचं तर सिग्नस ए या दुसऱ्या दीर्घिकेचा रेडिओ नकाशा बघा, दोन्हीकडे फुगलेले लोब (रेडिओ लहरी सोडणारे मोठे फुगे) आणि टोकाला चमकते ठिपके, म्हणजे जेट जिथे बाहेरच्या वायूवर आदळतो ती जागा! माझ्या मते जेटपेक्षा ते ठिपकेच जास्त भारी आहेत.