मदत हवी आहे: कॉलर बोन मोडलं, प्लेट टाकायची की पट्ट्यावर ठेवायचं?

संत्रानगरी: लहान भाऊ गाडीवरून पडला. नागपुरात धंतोलीतले एक डॉक्टर म्हणतात ऑपरेशन करून धातूची प्लेट टाका, दुसरे म्हणतात पट्टा लावा, जुळते. उद्या सकाळी सांगायचं आहे. कोणाचं ऐकू?

फिजिओ_खामला: वय? हाड मधे मोडलं की खांद्याकडच्या टोकाला? तुकडे किती सरकलेत? टोकामुळे कातडी ताणून पांढरी पडली का?

संत्रानगरी: २४. मधे. एक्स-रे वर टाकला आहे ना!

एक्सरेवाला: वर काहीच नाही भाऊ. फिल्म झोपवून काढली की उभं करून? झोपून सरकलेलं कमी दिसते. उभं करून एक सरळ आणि एक एक्स-रेची नळी डोक्याकडे १५ ते ३० अंश कलवून घ्यायला सांगा.

बर्डीचा_बाप्पा: काऊन एवढा विचार? आठच्या आकड्याचा पट्टा करकचून आवळा, झालं. एका हाडवैद्याचा पत्ता देतो, तेल लावून बसवतो.

फिजिओ_खामला: बाप्पा, चोळून बसवू नका! खाली फुप्फुस आणि हाताची मोठी रक्तवाहिनी आहे. आठचा पट्टा काखेत रुततो, गळ्यात अडकवून हात ठेवायच्या साध्या झोळीनेही हाड तेवढंच जुळतं. तुकडे फारसे सरकले नसतील तर झोळी बास. पूर्ण सरकलेत, हाड २ सेंमीहून जास्त आखूड झालंय किंवा मधला तुकडा आडवा फिरलाय, तर प्लेटचा विचार. कातडी फाटायला आली असेल तर थांबूच नये.

संत्रानगरी: पूर्ण सरकलंय. १.५ सेंमी आखूड लिहिलंय.

एक्सरेवाला: म्हणजे काठावरची केस, म्हणूनच दोन डॉक्टर दोन गोष्टी सांगतात. २००७ च्या कॅनडातल्या अभ्यासात पूर्ण सरकलेलीच हाडं होती. प्लेटवाल्या ६२ पैकी २ जणांचं जुळलं नाही, झोळीवाल्या ४९ पैकी ७ जणांचं. माझं मत प्लेट.

फिजिओ_खामला: म्हणजे झोळीवाल्या ४९ पैकी ४२ जणांचं सुरीविना जुळलं, तेही सांगा. प्लेट कातडीखालीच असते, बॅगेचा पट्टा टोचतो, काहींना ती काढायला दुसरं ऑपरेशन लागतं. व्रणाखालची कातडी बधिर राहू शकते. झोळीवर ठेवून नाहीच जुळलं तर प्लेट नंतरही टाकता येते, फक्त ते काम जास्त किचकट. भाऊ खर्रा (तंबाखू-सुपारी) खातो का? तंबाखूने हाड जुळायला उशीर होतो.

मिहान_प्रवासी: प्लेट असली की विमानतळावर मशीन वाजते का? माझ्या गुडघ्यात रॉड आहे.

एक्सरेवाला: वेगळा धागा काढा.

संत्रानगरी: खर्रा खातो. बोटांना मुंग्या येतात, पट्टा घट्ट आहे म्हणून असेल.

फिजिओ_खामला: हे पहिल्या ओळीत लिहायचं होतं! पट्टा आत्ता सैल करा, कोपर झोळीत टेकवा. मनगटाची नाडी दोन्ही हातांची ताडून पाहा, बोटं गार आहेत का, मूठ घट्ट वळते का बघा. अर्ध्या तासात मुंग्या कमी झाल्या नाहीत किंवा नाडी मंद लागली, तर सकाळची वाट न पाहता मेडिकलच्या (सरकारी मेडिकल कॉलेजच्या) अपघात विभागात न्या. प्लेट की पट्टा ते मग ठरेल.

बर्डीचा_बाप्पा: तरी पत्ता इनबॉक्समध्ये टाकतो.