प्रतिदीप्ती की अनुस्फुरण? आणि उजेड ‘विझतो’ की ‘मंदावतो’?

प्रश्न : पाण्यातील प्रदूषके ओळखणाऱ्या फ्लुओरेसंट नॅनोपदार्थांविषयी मराठीत लिहिताना फ्लुओरेसन्ससाठी ‘चमक’, ‘अनुस्फुरण’ आणि ‘प्रतिदीप्ती’ असे तीन शब्द वाचनात येतात. त्यांपैकी कोणता वापरावा? आणि क्वेंचिंगला, म्हणजे दुसऱ्या पदार्थामुळे फ्लुओरेसन्सचा उजेड कमी होण्याला, काय म्हणावे?

उत्तर : ‘चमक’ प्रथम बाजूला ठेवावी. आरसा चमकतो तेव्हा त्यावर पडलेला प्रकाशच परत फिरलेला असतो. फ्लुओरेसन्समध्ये मात्र पदार्थ प्रकाश शोषून घेतो आणि बहुधा अधिक तरंगलांबीचा नवा प्रकाश बाहेर टाकतो. मूळ शब्दाच्या व्युत्पत्तीचाही येथे उपयोग होत नाही, कारण जॉर्ज स्टोक्स यांनी तो 1852 मध्ये फ्लुओरस्पार या खनिजाच्या नावावरून घडवला आणि त्या नावाच्या मुळाशी ‘वाहणे’ या अर्थाचा लॅटिन धातू आहे. तेव्हा शब्द अर्थावरूनच निवडणे भाग आहे. ‘अनु’ म्हणजे मागून, ‘प्रति’ म्हणजे उत्तरादाखल. दिवा बंद करताच ही दीप्ती सामान्यतः काही नॅनोसेकंदांत, म्हणजे डोळ्यांच्या लेखी तत्क्षणी, संपते. मागे रेंगाळणारा उजेड तो फॉस्फोरेसन्सचा. म्हणून ‘अनुस्फुरण’ रूढ असले तरी मला ‘प्रतिदीप्ती’ अधिक नेमका वाटतो.

‘नॅनो’ तसाच ठेवावा. ‘अब्जांश’ अचूक आहे, पण वाचक अडखळतो.

क्वेंचिंगचा प्रश्न अधिक नाजूक आहे. ‘शमन’ म्हटले की अग्निशमन आठवते आणि सारे विझल्याचा भास होतो. प्रत्यक्षात कार्बन ठिपक्यांच्या (कार्बनच्या प्रतिदीप्ती देणाऱ्या नॅनोकणांच्या) द्रावणाच्या दोन कुप्या अतिनील दिव्याखाली धरल्या, तर नुसत्या द्रावणाची कुपी निळी उजळते आणि पाऱ्याचे आयन मिसळलेली कुपीही निळीच, पण मिणमिणती दिसते. पिण्याच्या पाण्यातील अकार्बनी पाऱ्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शक मूल्य लिटरमागे 6 मायक्रोग्रॅम आहे. एवढ्या अल्प मात्रेत उजेड विझला का हे विचारण्यात अर्थ नसून तो किती मंदावला हे मोजायचे असते. म्हणून ‘दीप्तिमंदन’ हा शब्द मी सुचवतो.

प्रतिप्रश्न : प्रदूषक आल्यावर उजेड वाढणारे संवेदकही असतात. त्यांचे काय?

उत्तर : तेथे ‘दीप्तिवर्धन’ म्हणावे. असे संवेदक अनेकदा अधिक विश्वासार्ह ठरतात, कारण उजेड मंदावण्याची कारणे अनेक असू शकतात : लोहाचे आयनही पुष्कळ कार्बन ठिपक्यांची दीप्ती मंदावतात आणि गढूळ पाणी तर दिव्याचा प्रकाश ठिपक्यांपर्यंत नीट पोहोचूच देत नाही. त्यामुळे ‘प्रतिदीप्ती मंदावली’ हे निरीक्षण आणि ‘पारा आढळला’ हा निष्कर्ष, ही दोन वाक्ये लेखनात वेगळी ठेवावीत, आणि दुसरे वाक्य इतर आयनांची शक्यता तपासल्यावरच लिहावे.