बार्बेरीनी घराणे: दोन अंतोनिओ आणि पोपनंतरची मालमत्ता

प्रश्न: वंशावळवाला

पोप अर्बन आठवे, म्हणजे माफेओ बार्बेरीनी (कारकीर्द १६२३–१६४४), यांच्या घराण्याची वंशावळ लावताना गाडी अडते आहे. कार्डिनल (पोपखालोखालचा धर्माधिकारी) अंतोनिओ बार्बेरीनी एका ठिकाणी पोपचा भाऊ आहे, दुसरीकडे पुतण्या. शिवाय पोपला कायदेशीर वारस नसतो, मग रोमजवळच्या पालेस्त्रीनाची जहागीर घराण्यात कशी राहिली? पोप वारल्यावर सगळे फ्रान्सला पळाले, तरी रोममधला वाडा त्यांचाच राहिला! जाणकारांनी उलगडून सांगावे.

उत्तर: जुने_दफ्तर

अंतोनिओ दोन आहेत. थोरला पोपचा भाऊ, मूळ नाव मार्चेल्लो. कापुचिन पंथाचा संन्यासी होताना अंतोनिओ झाला, १६२४मध्ये कार्डिनल, मृत्यू १६४६. कागदात ‘सांतोनोफ्रिओचे कार्डिनल’ असेल तर हाच. त्याच्या थडग्याच्या फरशीवर नावसुद्धा नाही, ‘इथे धूळ, राख आणि काहीच नाही’ एवढेच लॅटिनमध्ये कोरलेले आहे. धाकटा पुतण्या, जन्म १६०७, विशीतच कार्डिनल, मृत्यू १६७१. नुसते ‘कार्डिनल अंतोनिओ’ लिहिले असेल तर बहुधा धाकटा, आणि १६४६नंतरचा कागद असेल तर नक्कीच धाकटा.

फ्रांचेस्कोही तपासून घ्या. पोपचा पुतण्या फ्रांचेस्को १६२३मध्ये कार्डिनल झाला आणि १६७९मध्ये वारला. त्याच नावाचा पुढच्या पिढीतला १६९०मध्ये कार्डिनल झाला. जन्म-मृत्यूची सालं लावल्याशिवाय दोघांना एका चौकटीत टाकू नका.

आणखी एक खड्डा भाषेचा. इटालियन ‘निपोते’ म्हणजे पुतण्या, भाचा, नातू, काहीही. मराठीत उतरवताना नाते शोधावेच लागते. बार्बेरीनींचे ‘निपोती’ पुतणे होते. पोप पॉल पाचव्यांचा ‘निपोते’ शिपिओने बोर्गेझे मात्र बहिणीचा मुलगा, मूळ आडनाव काफारेल्ली. पोप पॉल तिसऱ्यांचे फार्नेझे ‘निपोती’ तर सख्खे नातू! सरसकट ‘पुतण्या’ लिहिले की वंशावळ तिथेच बिघडते.

उत्तर: तीन_मधमाश्या

मालमत्तेचे सांगतो. सगळी मेख इथे आहे की पोपची सत्ता त्याच्या श्वासाबरोबर संपते. त्यामुळे तो जिवंत असेपर्यंत चर्चकडून मिळणारे उत्पन्न जमीन, वाडा आणि पदवीत मुरवावे लागे, आणि तेही लग्न करू शकणाऱ्याच्या नावावर. कार्डिनलला औरस वंश नाही, म्हणून एक पुतण्या संसारी ठेवायचा. बार्बेरीनींकडे तो ताद्देओ. १६२७मध्ये त्याचे कोलोन्ना या रोमच्या जुन्या सरदार घराण्यातल्या आन्नाशी लग्न झाले. १६३०मध्ये कोलोन्नांकडूनच पालेस्त्रीना विकत घेतले गेले आणि प्रिन्सची पदवी आली. विकत घेतले, हे महत्त्वाचे. चर्चचा मुलूख तोडून दिला असता तर पुढच्या पोपला तो मागता आला असता. १६३१मध्ये उर्बिनोचा शेवटचा ड्यूक पुरुष वारस मागे न ठेवता वारला, तेव्हा तो प्रांत अर्बन यांनी पुतण्याला न देता चर्चच्या राज्यात घेतला. ताद्देओला त्या ड्यूककडे असलेले रोमच्या प्रीफेक्टचे मानाचे पद मिळाले, मुलूख नाही.

घात केला कास्त्रोच्या युद्धाने. पार्म्याचा ड्यूक ओदोआर्दो फार्नेझे याने कास्त्रो या आपल्या जहागिरीच्या महसुलावर रोममध्ये कर्जरोखे काढले होते. पोपने कास्त्रोतून होणारी धान्याची निर्यात अडवली, महसूल आटला, व्याज थकले, आणि सावकारांच्या तक्रारीचे निमित्त करून ऑक्टोबर १६४१मध्ये कास्त्रो ताब्यात घेतले. मग व्हेनिस, तस्कनी, मोदेना विरोधात उभे राहिले. १६४४च्या तहात कास्त्रो परत द्यावे लागले. खजिना रिता, जनता करांनी त्रासलेली, आणि जुलैत पोप गेले.

वंशावळवाला

मग पळाले ते कायमचे का?

उत्तर: जुने_दफ्तर

नाही. नवे पोप इनोसंट दहावे (पाम्फिली) यांनी युद्धखर्चाचा हिशेब मागितला. धाकटा अंतोनिओ १६४५मध्ये निघून गेला, फ्रांचेस्को आणि ताद्देओ जानेवारी १६४६मध्ये. फ्रान्समध्ये मुख्य मंत्री माझारिन होता. तो एकेकाळी बार्बेरीनींच्याच पदरी होता, त्याने आसरा दिला. ताद्देओ १६४७मध्ये पॅरिसलाच वारला. पण फ्रेंच दबावापुढे इनोसंट नमले आणि १६५३मध्ये सोयरीक झाली: ताद्देओचा मुलगा माफेओ आणि पोपच्या नात्यातली ओलिम्पिया जुस्तिनियानी. थोरला मुलगा कार्लो त्याच वर्षी कार्डिनल झाला, म्हणून प्रिन्सपद धाकट्या माफेओकडे गेले. वंशावळीत इथे थोरल्याकडून धाकट्याकडे रेघ जाते, ती चूक समजून दुरुस्त करू नका.

उत्तर: तीन_मधमाश्या

पुरुषवंश १८व्या शतकात संपला. १७२८मध्ये वारस कोर्नेलिया कोस्तान्झा हिचे लग्न जुलिओ चेझारे कोलोन्ना दी शार्रा याच्याशी झाले आणि बार्बेरीनी नाव तिच्या वंशातून पुढे चालले. तेव्हा १७२८नंतरच्या नोंदी ‘कोलोन्ना’खालीही शोधा.

इमारतींवर बार्बेरीनींचे चिन्ह ओळखायचे तर निळ्या ढालीत सोनेरी मधमाश्या, वर दोन, खाली एक. ढालीच्या वर तिहेरी मुकुट आणि किल्ल्या असतील तर अर्बन, गोंड्यांची टोपी असेल तर कार्डिनलांपैकी कोणीतरी. तो कोणता, हे ढाल सांगत नाही, बाजूचा शिलालेख वाचावा लागतो.