सहा आणि अकरा वर्षांच्या भावंडांसाठी

सहा आणि अकरा वर्षांच्या भावंडांना रात्री एकत्र वाचून दाखवायला काय, असं विचारलंय. भा. रा. भागवतांच्या साहसकथांमधला फास्टर फेणे तर हवाच.

धाकटीसाठी माधुरी पुरंदऱ्यांचं ‘राधाचं घर’. आई, बाबा, आजी, आजोबा, एकेकावर छोटं पुस्तक. लेखन त्यांचंच, चित्रंही. उपदेशाचा डोस नाही (आपल्याकडे दुर्मीळच!). मजकूर थोडाच, म्हणून भराभर पानं उलटू नका, तिला चित्रात रेंगाळू द्या.

थोरल्यासाठी प्रकाश नारायण संतांचं ‘वनवास’. आजी-आजोबांकडे राहणारा लंपन, आजूबाजूला कानडी वळणाचं मराठी. ते मोठ्यांनीच हेल काढून वाचावं. कथा लांब आहेत, एका बैठकीत संपवायचा हट्ट नको. धाकटी मध्येच झोपली तर झोपू दे.