मदत हवी आहे: ४४ मॅग्नम घेऊ की ४५ कोल्ट? (काडतुसं घरी भरणाऱ्यांनी सांगावं)

बॉयसीकर

नमस्कार मंडळी. मी आयडाहोत, बॉयसीजवळ राहतो. शेजारचे आजोबा ऐंशीला टेकलेत, मुलीकडे ॲरिझोनाला राहायला चाललेत आणि गॅरेज रिकामं करतायत. त्यांच्याकडे दोन रिव्हॉल्व्हर आहेत, दोन्ही रुगरची, दोन्ही सिंगल ॲक्शन (दर बाराला घोडा हाताने ओढायचा). एक सुपर ब्लॅकहॉक, ४४ मॅग्नम काडतुसाचं, साडेसात इंची नळी. दुसरं न्यू मॉडेल ब्लॅकहॉक, ४५ कोल्ट काडतुसाचं, साडेपाच इंची नळी. "एक तुला, उरलेलं जावयाला," असं त्यांनी आधीच जाहीर केलंय. रविवारपर्यंत सांगायचं आहे. आज गुरुवार.

माझी पार्श्वभूमी: ६ वर्षं ३५७ मॅग्नमची काडतुसं स्वतः भरतोय, म्हणजे झडलेल्या पुंगळीत (पितळी टोपणात) नवा प्रायमर (दारू पेटवणारी टिकली), बंदुकीची दारू आणि गोळी बसवतो. साधा एका टप्प्याचा प्रेस, कार्बाइड डाय (पुंगळीला आकार देणारे साचे), आणि दांडीचा तराजू. इलेक्ट्रॉनिक काटा होता, पण ट्यूबलाइट लावली की त्याचा आकडा डुलायचा, म्हणून तो देऊन टाकला. तराजूवर माझा विश्वास बसतो याचं एक कारण घरचं आहे. आमच्या आजोबांचं सांगलीला सराफी दुकान होतं. पितळी पारडी, मखमली डबी, तिच्यात लाल-काळ्या गुंजा. परवा सहज हिशेब मांडला. दारू-गोळी ग्रेन या बारीक वजनात तोलतात. जुना तोळा १८० ग्रेनचा, तोळ्याचे १२ मासे, म्हणजे मासा १५ ग्रेनचा. ४४ ची नेहमीची गोळी २४० ग्रेन, म्हणजे बरोब्बर एक तोळा चार मासे. ४५ ची २५५ ग्रेनची, म्हणजे एक तोळा पाच मासे. एका माशाचा फरक! आणि त्यावरून तीन रात्री झोप नाही.

वापर काय, तर ९० टक्के वेळ पंचवीस यार्डांवर कागद आणि लोखंडी पाट्या. उन्हाळ्यात सॉटूथच्या डोंगरात तंबू ठोकतो तेव्हा कमरेला. पुढेमागे पन्नास यार्डांच्या आत एखादं म्यूल डिअर (हरण) जमलं तर जमलं. उजव्या कोपराला टेनिस एल्बो आहे, त्यामुळे दर वेळी पूर्ण ताकदीचं काडतूस नकोच.

माझा कल ४५ कडे आहे. बायको महिन्यातून एकदा काउबॉय सामन्याला (जुन्या धाटणीच्या बंदुकांची नेमबाजी) जाते, तिच्याकडे १८७३ च्या कोल्टची इटालियन नक्कल आहे, ४५ कोल्टमधलीच. तिची काडतुसं मीच भरतो. म्हणजे डाय आहे, शेलहोल्डर (प्रेसमध्ये पुंगळी धरणारी खोबण) आहे, साताठशे पुंगळ्या आहेत. ४४ घेतलं तर सगळं नव्याने. शिवाय रुगर मजबूत असल्यामुळे ४५ कोल्ट त्यात हवं तेवढं तिखट करता येतं म्हणतात. मग ४४ घ्यायचं कशाला?

जाणकारांनी कृपया प्रकाश टाकावा. भावनिक सल्लाही चालेल.

---

पितळेचा डबा

वाचतोय. रुमाल टाकून ठेवतो.

---

रानवाट

माझं मत सरळ ४५ ला. मी मोंटानात गेली बारा वर्षं हेच एक वापरते. २५५ ग्रेनची चपट्या तोंडाची शिशाची गोळी सेकंदाला नऊशे फुटांच्या आसपास गेली तरी पन्नास यार्डांच्या आत हरणाच्या दोन्ही बाजूंच्या फासळ्या पार करते. त्यासाठी मॅग्नम लागत नाही. आवाज कमी, झटका ढकलल्यासारखा, फटकावल्यासारखा नाही. तुमचं कोपर दुवा देईल.

पैसे देण्याआधी एक गोष्ट मात्र बघा. रुगरच्या बऱ्याच ४५ मध्ये चक्राच्या (काडतुसं बसतात त्या फिरत्या भागाच्या) भोकांची पुढची तोंडं गरजेपेक्षा अरुंद असतात. ०.४५२ इंचाची एक शिशाची गोळी खिशात घेऊन जा. चक्र काढून घ्या आणि सहाही भोकांत पुढच्या बाजूने ती बोटाने दाबून बघा. जरा जोर लावल्यावर गेली तर उत्तम. अडली, तर गोळी तिथे दबून लहान होते, नळीत सैल बसते आणि मागून येणारा गरम वायू शिसं खरवडत जातो. मग रविवारभर नळी घासत बसायचं. रीमरने ती तोंडं मोठी करून मिळतात, पण तो खर्च किमतीत धरा.

---

कोल्हापुरी चाप

सुपर ब्लॅकहॉकच्या चापाचा रक्षक (ट्रिगरभोवतीची कडी) मागून चौकोनी आहे का गोल? चौकोनी असेल तर तो दर बाराला मधल्या बोटाच्या पेरावर टोला हाणतो. माझ्या पेरावर कायमचा घट्टा आहे. ह्यूस्टनच्या उकाड्यात हातमोजे घालून नेम धरणारा मीच. बाकी ते जनावर जड आहे, ४८ औंस, म्हणजे १ किलो ३६० ग्रॅम. त्या वजनामुळेच मध्यम भरलेलं ४४ त्यात गोड लागतं.

---

सरळकाठी

बॉयसीकर, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. जे वाक्य तुम्ही ४५ च्या बाजूने टाकलंय, तेच मला सगळ्यात जास्त खुपतंय. बायकोची इटालियन नक्कल.

नावं क्षणभर बाजूला ठेवा, दाब बघा. ४५ कोल्ट १८७३ चं, काळ्या दारूच्या जमान्यातलं. आजही त्याची मान्य मर्यादा चौरस इंचाला १४,००० पौंड आहे. ४४ मॅग्नमची ३६,०००. तुम्ही म्हणता ते 'तिखट ४५' म्हणजे भरणीच्या पुस्तकांत 'फक्त रुगर'साठी दिलेला वेगळा तक्ता. त्यातले दाब पहिल्या तक्त्याच्या दुपटीच्या घरात जातात. मोठ्या चौकटीचं ब्लॅकहॉक ते पचवतं. १८७३ ची नक्कल पचवत नाही. तिच्या चक्राची भिंत सगळ्यात पातळ असते ती चक्र अडवणाऱ्या खिटीच्या खाचेपाशी, आणि ती खाच नेमकी भोकाच्या डोक्यावर.

आता तुमच्या ओट्यावर या दोन्हींची काडतुसं दिसणार कशी? तीच पुंगळी, तीच लांबी, तोच प्रायमर, कदाचित तीच गोळी. डोळ्याला कळणार नाही, चक्रालाही कळणार नाही. रुगरचं काडतूस तुमच्या सौभाग्यवतींच्या रिव्हॉल्व्हरमध्ये गुपचूप बसेल.

४४ मध्ये हे घोळ करणं अवघड आहे. ४४ स्पेशलची (मॅग्नमच्या आधीच्या, सौम्य काडतुसाची) पुंगळी १.१६ इंच, मॅग्नमची १.२८५. स्पेशल मॅग्नमच्या चक्रात जातं, पण मॅग्नम स्पेशलच्या चक्रात पूर्ण बसतच नाही. १९५५ मध्ये हे काढलं तेव्हा पुंगळी लांब केली ती दारू मावावी म्हणून नव्हे, जुन्या हत्यारांत ते जाऊ नये म्हणून. आणि ४५ च्या हत्यारात ४४ चालवून बघायचा मोह कुणाला होणार नाही, कारण पुंगळी भोकात खुळखुळते. कुलूप ज्यानं त्यानं आपल्या डोक्यात ठेवायचं की लोखंडात, एवढाच प्रश्न आहे.

(आयडाहोचेच एल्मर कीथ, सॅमनचे, बंदुकांवर लिहिणारे. तरुणपणी ते ४५ कोल्टच भरायचे, चक्र फोडून बसले आणि मग ४४ स्पेशलकडे वळले. कारण साधं, तेवढ्याच चक्रात ४४ ची भोकं बारीक, म्हणून मधल्या भिंती जाड. नावात ४४ असलं तरी गोळी ०.४२९ इंचाची असते. त्यांच्याच पाठपुराव्यातून मॅग्नम आलं.)

---

रानवाट

@सरळकाठी, मुद्दा मान्य, पण मग तिखट भरायचंच कशाला? ९० टक्के कागद म्हणतायत ना ते? रुगरमध्येही तेच सौम्य ४५ घालावं, विषय संपला. एकच भरणी, दोन हत्यारं, गोंधळाला जागाच नाही. आणि ४५ ची पुंगळी कच्ची असते ही समजूत जुन्या पोकळ बुडाच्या पुंगळ्यांची आहे. आताच्या भरीव असतात.

---

सरळकाठी

@रानवाट, तुम्ही बारा वर्षं पाळलंय, तुम्हाला जमतं. ज्याने प्रश्नातच "हवं तेवढं तिखट करता येतं" लिहिलंय, तो सहा महिन्यांत एक डबा तिखट भरणार. मी स्वतः भरला होता.

---

पुणेरी शंका

एक बाळबोध प्रश्न. हे घरी करणं कायदेशीर कसं काय?

---

कोल्हापुरी चाप

@पुणेरी शंका, अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी चालतं. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यात काडतूस बनवणं हे 'निर्मिती'त येतं, त्याला वेगळा परवाना लागतो, तेव्हा तिकडे कुणी प्रयोग करू नयेत. इकडेही कामाच्या व्हिसावर असलेल्या पोरांनी आधी वकिलाला विचारावं. त्या व्हिसावर हत्यारच काय, नुसतं काडतूस बाळगायलाही बंदी आहे. शिकारीचा परवाना वगैरे थोडे अपवाद आहेत.

तोळ्याचं गणित आवडलं. कंपनी सरकारचा चांदीचा रुपयाही १८० ग्रेनचाच. म्हणजे ४४ ची गोळी एक रुपया पाच आणे चार पै!

---

बॉयसीकर

सगळ्यांचे आभार. सरळकाठी, तुमचा प्रतिसाद वाचून गॅरेजमध्ये जाऊन ओट्यासमोर उभा राहिलो. पुंगळ्यांना रंगाची खूण करेन, तिखटासाठी निकेलच्या पांढऱ्या पुंगळ्या वापरेन, वेगळे डबे ठेवेन, असं सगळं मनात म्हणून झालं. मग गेल्या नोव्हेंबरची गोष्ट आठवली, ती इथे लिहायला लाज वाटते, पण लिहितो.

३५७ चा पन्नासचा डबा भरत होतो. मध्येच घरून फोन आला, पंधरा मिनिटं बोललो, परत येऊन बसलो. रेंजवर एकविसावा बार 'ठॉ' झाला नाही, 'टप्प' झाला. कुणीतरी पुठ्ठ्यावर टिचकी मारावी तसा. त्या पुंगळीत दारूच नव्हती. नुसत्या प्रायमरने गोळी ढकलून नळीत अर्ध्यावर नेऊन ठेवली होती. नशिबाने आवाज ओळखला आणि घोडा पुन्हा ओढला नाही. घरी येऊन पितळी दांड्याने ठोकून काढली, ती गोळी अजून खिडकीत आहे. म्हणजे मी चुकतो. अंधश्रद्धा नाही, नोंद आहे.

---

पितळेचा डबा

रुमाल उचलतो. बॉयसीकर, तुमची ती चूक दारू कमी पडण्याची होती. ४५ मध्ये उलटी चूक जास्त सोपी आहे. पुंगळी काळ्या दारूसाठी घडवलेली, अवाढव्य. आजच्या झटपट जळणाऱ्या दारूचं सौम्य माप तिच्या तळाशी चिमूटभर दिसतं. तेच चुकून दोनदा पडलं तरी बाहेर सांडत नाही, गोळी आरामात वर बसते. म्हणून मी पन्नास पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात उभ्या करतो आणि गोळ्या बसवण्याआधी टॉर्च लावून एकेकीत डोकावतो. ही सवय तुम्ही बायकोच्या काडतुसांसाठी आजपासूनच लावा, रिव्हॉल्व्हर कुठलंही घ्या.

४४ घेतलंत तर एक उलटं पथ्य. एच ११० आणि डब्ल्यू २९६ (दोन्ही एकच दारू, डबे वेगळे) पूर्ण ताकदीसाठी आहेत. कोपराची दया येऊन त्यांचं माप खाली आणायचं नाही, नीट पेटत नाहीत आणि पुन्हा तो 'टप्प'. मध्यम भरणीसाठी युनिक किंवा २४०० नावाची दारू घ्या. मापं पुस्तकात बघा, इथे कुणी आकडे लिहिले तर घेऊ नका. माझेसुद्धा.

---

बॉयसीकरीण

मी ती बायको. धागा मला मैत्रिणीने पाठवला.

बेडगीची पूड आणि लवंगीची पूड एकसारख्या बरण्यांत भरून "मला वासाने कळतं" म्हणणारा हा माणूस आहे. गेल्या गणपतीत गुरुजी मिसळ खाऊन अंगणात जाऊन बसले होते. माझ्या चक्रात काय जातंय ते वासावर ठरणार नाही. ४४ घे. डायचे पैसे मी देते.

---

रानवाट

@बॉयसीकरीण, दंडवत. माझं मत मागे घेते.

---

कोल्हापुरी चाप

विषय संपला 🙏 पण तो रक्षक चौकोनी आहे का ते सांगा.

---

बॉयसीकर

रविवारी ४४ घेतलं. रक्षक चौकोनीच आहे. आजोबांनी स्वतः मधल्या बोटाचा घट्टा दाखवला आणि म्हणाले, मूठ अर्धा इंच खाली धर, करंगळी खालून गुंडाळ, मग लागत नाही. त्यांच्याकडची २४० ग्रेनची मध्यम भरलेली सहा काडतुसं मारली. पाचवर लागलं नाही, सहावीला विसरलो.

४५ बद्दल विचारलं तर ते हसले. त्यांनी त्यात आयुष्यभर सौम्यच भरलं, तक्त्याचं दुसरं पान कधी उघडलंच नाही. जावयाला ते देताना डब्यावर मोठ्या अक्षरात तसं लिहून दिलंय.

आता पुढची अडचण. डाय मागवले, पण शेलहोल्डर राहिला. माझ्या आरसीबीएसच्या संचात ४५ चा २० नंबर आहे, ४४ ला १८ नंबर लागतो, आणि इथल्या दुकानात तो संपलाय. ट्रेझर व्हॅलीत (बॉयसीच्या आसपास) कुणाकडे जास्तीचा असेल तर व्यनि करा. बदल्यात लवंगीची पूड देईन. लेबल लावून.