लग्नाच्या लायसन्सच्या फीतून घरगुती हिंसाचाराची शेल्टर चालवणं बरोबर आहे का?

जर्सीतला_जावई

पुढच्या महिन्यात आमचं कोर्ट मॅरेज आहे (अंतरपाटवालं डिसेंबरात साताऱ्याला, ते वेगळं). लायसन्स (इथे लग्नाच्या आधी सरकारकडून घ्यावा लागतो तो परवाना) काढायला आम्ही दोघं आणि साक्षीदार म्हणून एक मित्र असे टाउनशिपच्या ऑफिसात गेलो होतो. न्यू जर्सीत फी २८ डॉलर. मित्र म्हणाला तुला माहितीये का, यातले २५ डॉलर राज्य सरकार घरगुती हिंसाचाराच्या शेल्टरना देतं, टाउनशिपला राहतात ३. मी म्हटलं अरे वा. तर होणारी बायको म्हणते वा काय, म्हणजे लग्न लागायच्या आधीच सरकार मला सांगतंय की हा उद्या मारेल, तुझ्या खाटेचे पैसे आत्ताच भरून ठेव? आणि मग त्या दोघांचं पार्किंग लॉटमध्ये जे जुंपलं ते घरी येईपर्यंत.

माझं म्हणणं असं की पैशाला ना नाही, २५ डॉलरमध्ये इथे दोघांचं धड जेवणही होत नाही. पण शेल्टर ही जर पोलीस आणि फायर ब्रिगेडसारखी गरजेची गोष्ट असेल तर ती सगळ्यांच्या टॅक्समधून चालली पाहिजे ना, त्या वर्षी लग्न करणाऱ्यांनीच का भरायचं? जे लग्न न करता एकत्र राहतात त्यांच्यात काय मारहाण होत नाही? तुम्हाला काय वाटतं, जरा भांडा.

खडूस_टॅक्सवाला

शंभर टक्के सहमत. फी म्हणजे काय, तर जी सेवा देताय तिचा खर्च. लायसन्सचा कागद छापायला, रजिस्टरमध्ये नोंद करायला जे लागतं ते घ्या. त्याच्यावर घेतलात की तो टॅक्स झाला आणि टॅक्स लावायचा तर सरळ टॅक्स म्हणून विधानसभेत उभं राहून लावा, असा मागच्या दाराने नको. २८ पैकी २५ म्हणजे फी कुठली हो ही, हा टॅक्सच आहे, त्यात ३ डॉलरची फी आहे.

मोगरा_बेएरिया

कॅलिफोर्नियातही आहे हे, काउंटीप्रमाणे एकूण फी वेगळी पण त्यातले २३ डॉलर शेल्टरला जातात. मी इथे देशी बायकांसाठीच्या एका हेल्पलाइनवर व्हॉलंटियर आहे (नाव सांगत नाही), त्यामुळे मी निःपक्षपाती वगैरे नाहीये हे आधीच सांगते.

हे असं का झालं ते बघा. सत्तरच्या दशकात ही शेल्टर सुरू झाली ती बायकांनी स्वतःच्या हिमतीवर, सेंट पॉलला १९७४ मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोत ला कासा दे लास माद्रेस १९७६ मध्ये. त्याच्याही आधी कुणी स्वतःच्या घराची एक खोली द्यायचं, कुणी चर्चचा हॉल मिळवायचं. सरकारकडे गेलं की उत्तर ठरलेलं, नवराबायकोचं घरातलं भांडण आहे, आम्ही काय करणार. बजेटमधून कुणी एक डॉलर द्यायला तयार नव्हतं. मग फ्लोरिडाने १९७८ मध्ये लग्नाच्या लायसन्सवर थोडे डॉलर चढवले आणि कॅलिफोर्नियाने १९८० मध्ये तेच केलं. कॅलिफोर्नियात तर त्याच सुमारास, १९७८ लाच, प्रॉपर्टी टॅक्सवर मर्यादा आली होती आणि काउंट्यांची तिजोरी कोरडी पडलेली. म्हणजे कुणी बसून हा सगळ्यात न्याय्य मार्ग आहे असं ठरवलेलं नाहीये, बाकीची दारं बंद होती म्हणून हे उघडलं. तुम्ही म्हणता मागचं दार, हो मागचंच, पुढच्या दारातून कुणी आत घेतच नव्हतं.

खडूस_टॅक्सवाला

ताई इतिहास मान्य. पण ते १९८०. आता १९८४ चा फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचा, फॅमिली व्हायोलन्सचा कायदा आहे, १९९४ चा व्हॉवा (बायकांवरच्या हिंसाचाराविरुद्धचा कायदा) आहे, त्यातून पैसे येतात. पुढचं दार उघडलंय की. मग मागच्या दाराला अजून कुलूप का नाही?

कोर्टकचेरी

शिकागोहून लिहितोय. या विषयावर इथे अख्खी केस झालीये आणि टॅक्सवाल्यांच्या बाजूने लागलीये, त्यांना माहीत नसावं म्हणून सांगतो. इलिनॉयमध्ये लायसन्सची फी २५ डॉलर होती आणि त्यातले १० शेल्टरच्या फंडात जायचे. बॉयंटन विरुद्ध कुस्पर, १९८६, राज्याच्या सुप्रीम कोर्टाने ते १० डॉलर घटनाबाह्य ठरवले. मुद्दा साधारण असा की लग्न करणं हा मूलभूत हक्क आहे, त्याच्या दारात उभं राहून एका सार्वजनिक कामासाठी स्पेशल टॅक्स घेता येणार नाही, आणि लायसन्स घेणारं जोडपं आणि घरगुती हिंसाचार यांचा संबंध इतका लांबचा आहे की त्यांनाच निवडून भार टाकणं मनमानी होतं. त्याच्या दोन वर्षं आधी, १९८४ ला क्रॉकर विरुद्ध फिनलीमध्ये घटस्फोटाच्या अर्जावरचे ५ डॉलरही असेच उडवले होते.

मला वैयक्तिक दुसरा निकाल जास्त पटतो. कोर्टात न्याय मागायला आलेल्या बाईकडून, जी कदाचित स्वतःच मार खाऊन आली आहे, तिच्याकडून शेल्टरचे पैसे घ्यायचे हे जरा अतीच. लग्नाचं तितकं नाही वाटत मला.

मोगरा_बेएरिया

कोर्टकचेरी, पण तो निकाल इलिनॉयपुरता. जर्सी, कॅलिफोर्निया, फ्लोरिडात पैसे अजून घेतातच आहेत.

कोर्टकचेरी

हो हो, तेच म्हणतोय, बाहेर बंधनकारक नाही. पण तर्क वाचण्यासारखा आहे.

ठाणेकर_काकू

माझा मुलगा सनीव्हेलला असतो म्हणून हे वाचत होते. मला तर ही कल्पना फार आवडली बाई. आपल्याकडे लग्नात लॉन्सचं भाडं, डेकोरेशन, प्री-वेडिंग शूट, हळदीला डीजे, सगळ्यांवर लाखो उडवतात आणि त्यातले पाचशे रुपये एखाद्या मार खाणाऱ्या मुलीच्या राहण्याला गेले तर काय बिघडलं? मारहाण होते ती लग्नाच्या घरातच ना. महाराष्ट्रातही लावा की नोंदणीवर हजार रुपये.

काहून_रे

काकू, भावना समजते पण नोंदणीवर लावलं तर उलटं होईल पहा. मी नागपूरले एका वकिलाकडे काम करतो. आपल्याकडे लायसन्स नाही, आधी लग्न आणि मग नोंदणी, ती पण लोक तेव्हाच करतात जेव्हा पासपोर्ट नाहीतर व्हिसा अडतो. सुप्रीम कोर्टाने २००६ मध्ये सीमा विरुद्ध अश्वनी कुमारमध्ये सगळ्या लग्नांची नोंदणी सक्तीची करा म्हणून सांगितलं, आपल्या राज्याचा कायदा तर त्याच्याही आधीचा, १९९८ चा. तरी खेड्यात विचारा किती जणांकडे सर्टिफिकेट आहे. त्याच्यावर हजार रुपये ठेवले तर जे येत होते ते पण येणार नाही. आणि नोंदणी नसली की भोगते कोण, तर तीच बाई, लग्नच झालं नव्हतं म्हणून नवरा कोर्टात हात वर करतो, मग लग्नपत्रिका, फोटो, भटजी, सगळे पुरावे गोळा करत फिरा. तुमच्या पाचशे रुपयांच्या शेल्टरसाठी तिचा कागदच गेला. लॉनवाल्यावर लावा, हॉलवर लावा, माझं काही म्हणणं नाही, नोंदणीले हात लावू नका.

आणि असा वेगळा बाजूला काढलेला पैसा कुठं जातो हे पण एकदा पहा. पगारातून महिन्याला २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० कापतात तो प्रोफेशनल टॅक्स १९७५ मध्ये रोजगार हमीसाठी म्हणून लावला होता, आज कापून घेणाऱ्या दहा जणांना विचारा कशासाठी, एकालाही माहीत नसते. निर्भया फंड २०१३ चा, सुरुवातच १००० कोटींनी, वन स्टॉप सेंटर (हिंसाचार झालेल्या बायकांसाठीची मदत केंद्रं) त्यातूनच निघाले, पण बराच पैसा वर्षानुवर्षं पडून राहिला म्हणून संसदेतही ओरड झालीच ना.

ठाणेकर_काकू

हॉलवर लावा तर हॉलवर. मुद्दा तुला कळला ना, झालं.

खडूस_टॅक्सवाला

काहून भाऊ एकदम नेमकं बोललात. आणि वेगळा पैसा म्हणजे सुरक्षित पैसा असं समजू नका. फ्लोरिडात, जिथून हे सगळं सुरू झालं म्हणताय, तिथे राज्याचा आणि फेडरल पैसा केंद्रांपर्यंत पोचवणारी एकच राज्यव्यापी संघटना होती, कायद्यातच तिचं नाव लिहून ठेवलेलं. २०२० मध्ये बाहेर आलं की तिच्या प्रमुख बाईंनी तीन वर्षांत ७५ लाख डॉलरहून जास्त घेतले, पगार आणि साठवलेल्या सुट्ट्यांचे पैसे धरून. मग विधिमंडळाने ते नाव कायद्यातून काढलं. बिचाऱ्या नवऱ्यानवरीने दिलेले डॉलर.

मोगरा_बेएरिया

ते भयंकरच होतं, त्यात दुमत नाही. पण तो चोख हिशोब न ठेवण्याचा प्रश्न आहे, पैसा कुठून आला याचा नाही. पैसा जनरल बजेटमधून आला असता तरी त्या बाईंनी तेवढाच घेतला असता.

माझी या फीबद्दलची खरी तक्रार वेगळी आहे आणि ती कुणीच काढली नाही. हा पैसा लग्नांच्या संख्येवर चालतो. १९८० मध्ये अमेरिकेत हजार लोकांमागे १०.६ लग्नं व्हायची. २०१९ मध्ये देशभरात २० लाखांच्या वर लग्नं झाली, २०२० मध्ये १६ लाख ७७ हजारांच्या आसपास, दर ५.१. कोविडमध्ये लायसन्स देणारी क्लार्कची ऑफिसं बंद, हॉल बंद, लग्नं पुढे ढकललेली, म्हणजे लायसन्सचा पैसा आटला. आणि नेमकं तेव्हाच बायका मारणाऱ्याबरोबर चोवीस तास घरात कोंडलेल्या, तो शेजारच्या खोलीत म्हणून फोन पण करता येत नाही, कुजबुजत बोलायच्या, मध्येच कट. ज्या वर्षी गरज जास्त त्याच वर्षी पैसा कमी, असा उलटा नळ बसवून ठेवलाय आपण. तरी मी म्हणते फी ठेवा. कारण ती काढली तर बजेटमधून तेवढे मिळतील असं मला कुणीतरी लिहून द्या. कुणी देत नाही.

जर्सीतला_जावई

हे पटलं. मग मारणाऱ्यांकडूनच घ्या ना थेट, इतकं सोपं का नाही करत?

कोर्टकचेरी

घेतात की, तुमच्याच राज्यात. जर्सीत फायनल रिस्ट्रेनिंग ऑर्डर, म्हणजे तिच्यापासून लांब राहा असा कोर्टाचा हुकूम, निघाली की त्या माणसाला ५० ते ५०० डॉलर सिव्हिल पेनल्टी बसते, ती पीडितांच्या फंडात जाते. फेडरल पातळीवर व्होका म्हणून गुन्ह्यातल्या पीडितांसाठीचा १९८४ चा कायदा आहे, त्याच्या फंडात तर करदात्याचा पैसाच नाही, फेडरल गुन्ह्यात दोषी ठरलेल्यांचे दंड, आणि त्यातून शेल्टरना अनुदान मिळतं. पण मोठमोठ्या कंपन्या खटला चालवण्याऐवजी सरकारशी तडजोड करायला लागल्या, ते पैसे फंडात येत नव्हते आणि फंड इतका खाली गेला की २०२१ मध्ये कायदा दुरुस्त करायला लागला. म्हणजे लग्नं कमी झाली तर लायसन्सचा पैसा आटतो आणि खटले कमी झाले तर व्होकाचा.

मोगरा_बेएरिया

आणि मारणाऱ्याचा दंड हा बहुतेक वेळा त्याच घरातून जातो. तो पाचशे डॉलर भरतो आणि मग मुलांच्या खर्चाचे द्यायला माझ्याकडे नाहीत म्हणतो. ऐकायला छान वाटतं हो, "त्याच्याकडूनच घ्या", पण खिसा बऱ्याचदा एकच असतो.

आपल्या बायकांचं अजून एक. ज्या एच-फोरवर (नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसामुळे बायकोला मिळणारा व्हिसा) येतात त्यातल्या बऱ्याच जणींना कामाचं परमिट नसतं, बँकेचं खातं त्याचं, गाडी त्याची, क्रेडिट हिस्टरी शून्य. २००५ च्या कायद्याने अशा बाईला परमिट मिळण्याची सोय केली पण ते अर्ज घ्यायला सरकारला २०१७ उजाडावं लागलं. तोवर ती शेल्टरमधून निघून जाणार कुठे, भाड्याचं घर कोण देणार? म्हणून तिला शेल्टर जास्त दिवस लागतं, आणि साधं वरणभात, आपल्या भाषेत बोलणारं माणूस, सासूचा फोन आला की काय बोलायचं, हे कळणारं कुणीतरी पण लागतं. जर्सीत मानवी नावाची संस्था १९८५ पासून हेच करतेय, त्यांचं आशियाना नावाचं घर पण आहे. तेव्हा जावईबापू, तुमच्या होणाऱ्या बायकोला सांगा की ते २५ डॉलर तिच्या खाटेचे नाहीत, आज रात्री जिला लागतेय तिच्या खाटेचे आहेत.

जर्सीतला_जावई

सांगितलं. ती म्हणते मग पावतीवर तसं लिहा ना, २५ कशाला आणि ३ कशाला, लपवता कशाला. लिहिलं असतं तर मी अजून २५ टाकले असते म्हणते.

खडूस_टॅक्सवाला

वहिनी बरोबर बोलतायत, निदान पावतीवर तरी लिहा. पण माझं मत बदललेलं नाही हां. ऐच्छिक ठेवा, चौकट द्या, टिक करा, ज्याला द्यायचेत तो देईल.

मोगरा_बेएरिया

टिक करणाऱ्यांच्या भरवशावर रात्री दोनला दार उघडणारी माणसं पगारावर ठेवता येत नाहीत हो.

ठाणेकर_काकू

आणि टॅक्सवाले, फ्लोरिडातच लग्नाआधी चार तासांचा कोर्स केला तर फीत सूट मिळते आणि तीन दिवस थांबायलाही लागत नाही असं मुलगा सांगतो. तुम्ही तो आधी करा, मग वाद घाला.

कोर्टकचेरी

टॅक्सवाले, एवढं पटत नसेल तर जर्सीत जाऊन आव्हान द्या की. इलिनॉयमध्ये १० डॉलरसाठी लोक सुप्रीम कोर्टापर्यंत गेले होते, इथे तर २५ आहेत.

खडूस_टॅक्सवाला

माझं लग्न लातूरला झालंय साहेब, मी हे पैसे भरलेलेच नाहीत, कोर्ट म्हणेल तुझा काय संबंध. केस टाकायची तर आधी जर्सीत लग्न करावं लागेल. बायको मागून वाचतीये आणि विचारतीये कुणाशी.