सीए इंटर ग्रुप १ तीन मार्कांनी गेला, जानेवारीला एकच ग्रुप देऊ का दोन्ही?

घासून_गेलं

नमस्कार मंडळी. सप्टेंबर अटेम्प्टचा रिझल्ट लागला आणि आमचा ग्रुप १ घासून गेला. अकाउंट्स ५८, लॉ ४१, टॅक्स ४८, टोटल १४७. म्हणजे प्रत्येक पेपरात ४० च्या वर आहे पण ॲग्रिगेटला १५० लागतात तिथं तीन कमी पडले, आणि खरी चिडचिड होतीय ती अकाउंट्सच्या ५८ वर, अजून दोन मिळाले असते तर ग्रुप गेला असता तरी ६० ची एक्झम्प्शन (म्हणजे तो पेपर परत द्यायला लागत नाही) तरी पदरात पडली असती. आता ते पण नाही, तिन्ही पेपर परत.

घरी कोण काय बोललं नाही, पप्पा तर म्हणाले तीन मार्कांनी कोण फेल करतंय व्हय, जाऊन भेट की त्यांना. आता कुणाला जाऊन भेटू.

जानेवारीचे फॉर्म सुरू झालेत. ग्रुप १ एकटा दिला तर फी १५०० आहे, दोन्ही दिले तर २७००, पैशाचा विषय नाही पण दोन महिन्यांत सहा पेपर झेपतील का? ग्रुप २ मधल्या कॉस्टिंगचा क्लास झालाय, ऑडिट अर्धं, एफएम-एसएमला (फायनान्शियल आणि स्ट्रॅटेजिक मॅनेजमेंट) हात नाही. मधे बी.कॉमची सेमिस्टर पण आहे. आणि पेपर रिचेकिंगला टाकून काय उपयोग होतो का? कोल्हापुरातल्या कुणी असा रिपीट मारला असेल तर सांगा, इथं आमच्या बॅचमधले पास झालेले सगळे आता पुण्याची तयारी करायला लागलेत, त्यांना विचारायला नको वाटतंय.

कट_जादा

भावा पहिलं व्हेरिफिकेशनला टाक, पेपरला १०० रुपये, रिझल्टपासून एक महिन्याच्या आत टाकावं लागतं. पण आशा धरून बसू नको, त्यात पेपर परत तपासत नाहीत, फक्त टोटल बरोबर आहे का आणि कुठलं उत्तर तपासायचं राहिलंय का एवढंच बघतात. तीन मार्कांसाठी १०० रुपये जायला काय हरकत नाही. फॉर्म मात्र त्याची वाट न बघता भर, नाहीतर तेल गेलं तूप गेलं व्हायचं.

करवीरची_सीए

मी शाहूपुरीत प्रॅक्टिस करते, आमच्याकडं इंटरची पोरं कायम विचारायला येतात म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुझ्या मार्कांकडं नीट बघ. ५८, ४१, ४८ यात अभ्यास कमी पडलेला दिसत नाही, लॉ लिहायला कमी पडलेला दिसतोय. ज्या मुलाला अकाउंट्सला ५८ पडतात त्याला लॉ समजत नाही असं होत नाही. तर व्हेरिफिकेशनपेक्षा लॉच्या पेपरची सर्टिफाइड कॉपी मागव, ५०० रुपये आहेत, स्कॅन केलेली तुझीच उत्तरपत्रिका तुला बघायला मिळते. ती घेऊन बस आणि शेजारी आयसीएआयची (परीक्षा घेणाऱ्या संस्थेची) सजेस्टेड ॲन्सर्स उघड. मार्क कुठं कापलेत ते पाच पानांत कळतं.

बहुतेक वेळा काय असतं ते सांगते. समजा प्रश्न आहे, कंपनीचं वर्ष ३१ मार्चला संपतं, मागची एजीएम (भागधारकांची वार्षिक सभा) १५ मे २०२३ ला झाली, पुढची २५ सप्टेंबर २०२४ ला घेतली, चालेल का? अर्धी मुलं पहिल्याच ओळीत लिहितात चालेल, सहा महिन्यांच्या आत आहे. सहा महिने बरोबर आहेत, ३० सप्टेंबरपर्यंत वेळ होताच, पण दोन एजीएममधलं अंतर १५ महिन्यांपेक्षा जास्त नको, ती मुदत १५ ऑगस्टलाच संपली. ज्यांना हे माहीत आहे ते पण कसं लिहितात? "नाही चालणार कारण १५ महिने झाले." झालं उत्तर. पाच मार्कांच्या प्रश्नाला दीड ओळ. आधी कलम ९६ काय म्हणतं ते पूर्ण लिहायचं, सहा महिने, १५ महिने, रजिस्ट्रार विशेष कारण असेल तर तीन महिन्यांपर्यंत मुदत वाढवून देऊ शकतो पण पहिल्या एजीएमला नाही. मग प्रश्नातल्या तारखा घेऊन त्या तरतुदीला लावायच्या. मग निष्कर्ष. तपासणारा हे तीन भाग शोधतो आणि प्रत्येकाला मार्क देतो, तू निष्कर्ष बरोबर लिहिलास तरी त्याला तेवढ्याचेच मार्क देता येतात. कलमाचा नंबर आठवत नसेल तर "कंपनी कायद्यातील तरतुदीनुसार" लिही, अंदाजपंचे नंबर टाकू नको.

लॉच्या पेपरात ७० मार्क कंपनी लॉ आणि एलएलपीला (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) आहेत, ३० बाकीच्याला. ते ३० म्हणजे जनरल क्लॉजेस, इंटरप्रिटेशन आणि फेमा (परकीय चलनाचा कायदा), मुलं हे शेवटच्या रात्रीवर ढकलतात. लहान भाग आहे, आधी संपव.

एकच ग्रुप दे असं माझं मत.

गडहिंग्लजची_पोरगी

ताईंचं लॉचं पटलं पण एका ग्रुपचं नाही पटलं. नव्या स्कीममध्ये दोन्ही ग्रुप निघाल्याशिवाय आर्टिकलशिप (सीएच्या हाताखालचं ट्रेनिंग) लागत नाही, मग एकेक करत बसलास तर ग्रुप २ थेट मे महिन्यात आणि तो पण असाच घासून गेला तर सप्टेंबर. दुसरं म्हणजे सेट-ऑफ. दोन्ही ग्रुप एकत्र दिले आणि सहाही पेपरात ४० च्या वर असलं तर टोटल ६०० पैकी ३०० ला पास करतात. माझ्या मावसबहिणीला ग्रुप १ ला १४४ होते, तुझ्यापेक्षा कमी, पण ग्रुप २ ला १६१ पडले, ३०५ होऊन दोन्ही सुटले. तू दोन्ही दिले असतेस आणि तिकडं १५३ पडले असते तर आज हा धागाच नसता.

करवीरची_सीए

बहिणीचं अभिनंदन, पण तिची सहाही पेपरांची तयारी होती म्हणून सेट-ऑफ मिळाला. याचं ऑडिट अर्धं आहे आणि एफएम-एसएम कोरं आहे. सहातल्या एका पेपरात ३९ पडले की सेट-ऑफ संपला, आणि ते तीन नवे पेपर उरकण्याच्या नादात ग्रुप १ ची रिव्हिजन बुडते ते वेगळंच. ऑडिट झालेलं असतं तर मीच म्हणाले असते दोन्ही दे.

आणि आणखी एक कुणी बोललं नाही ते. अकाउंट्सचं टार्गेट ६० च्या वर ठेव. समजा परत काही बिनसलं तरी एक्झम्प्शन पुढच्या तीन अटेम्प्टला चालते आणि ते मार्क ॲग्रिगेटमध्ये धरतात. ६२ पडले असतील तर लॉ आणि टॅक्स मिळून ८८ पुरतात. ५८ वाल्याला ६२ करणं हे ४१ वाल्याला ५० करण्यापेक्षा सोपं आहे, वर्किंग नोट्स नीट मांड, उत्तर चुकलं तरी स्टेपचे मार्क सुटत नाहीत. पोरं पेन्सिलनं कोपऱ्यात आकडेमोड करतात आणि तपासणाऱ्याला ती दिसतच नाही.

कट_जादा

टॅक्सचं पण बघ रे. १९६१ चा आयकर कायदा जाऊन २०२५ चा नवा कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू, सेक्शनचे नंबर सगळे बदलल्यात. परीक्षेला तो कुठल्या अटेम्प्टपासून धरणार ते आयसीएआयच्या नोटिफिकेशनमध्ये बघत जा, पण पाठ केलेलं सगळं इस्कटायच्या आत जानेवारीत सुटलास तर बरं. आणि टॅक्समध्ये ५० मार्क जीएसटीचे आहेत, तिथं कमी वेळात मार्क निघत्यात, आरसीएम (रिव्हर्स चार्ज) आणि आयटीसी (इनपुट टॅक्स क्रेडिट) सोडून पळू नको.

एमसीक्यू (पर्यायवाले प्रश्न) किती सोडलेलास? ३० मार्कांचे असत्यात आणि इंटरला निगेटिव्ह नाही. आमच्यातला एकजण ओएमआर शीटवर दोन प्रश्न कोरे ठेवून आला, म्हणे खात्री नव्हती. खात्री कसली लका, काळा कर गोल आणि पुढं जा.

घासून_गेलं

सगळ्यांना थँक्यू, रात्रीपासून पहिल्यांदा जरा डोकं चाललं. एमसीक्यू मी पण लॉचे तीन कोरे सोडलेले, कट_जादा तुम्ही मला ओळखत नाही ना?

ताई, लॉची सर्टिफाइड कॉपी आत्ताच मागवली. अकाउंट्सची पण मागवू का? आणि सेमिस्टरचं काय करू, ती बरोबर डिसेंबरच्या तोंडावर येतीय.

गडहिंग्लजची_पोरगी, तुमचं गणित बरोबर आहे पण एफएम उघडून बघितलं आणि परत मिटवलं. ग्रुप १ चाच फॉर्म भरतोय.

गडहिंग्लजची_पोरगी

बरं भर. पण ऑडिट सोडू नको, आठवड्यातनं एक दिवस तरी, नाहीतर फेब्रुवारीत परत कोरी पाटी.

करवीरची_सीए

अकाउंट्सची पण मागव, ५८ चे ६० का झाले नाहीत ते बघायला हवंच. सेमिस्टरच्या आठवड्यात फक्त बी.कॉम कर, दोन दगडांवर पाय ठेवू नको, त्या आधी लॉ एकदा पूर्ण लिहून काढ. वाचून नाही, लिहून. पेपर दुपारी २ ते ५ असतो, तर त्याच वेळेला बसून आरटीपी (आयसीएआयचे रिव्हिजन टेस्ट पेपर) आणि मॉक टेस्टचे पेपर सोडव, जेवून झोप येते ती आत्तापासनं मोडायला पाहिजे. तपासून कोण देणार हा प्रश्न असतो, कॉपी आली की लॉचे दोन पेपर लिहून आमच्या ऑफिसात आणून दे, आर्टिकल बसलेत त्यांना लावते तपासायला, त्यांची पण रिव्हिजन होईल. सध्या सोमवारी पतसंस्थांच्या ऑडिटला बाहेर असतात, सोमवार सोडून ये. पत्ता मेसेज करते.

घासून_गेलं

येतो ताई, मंगळवारी. फॉर्म भरला.